बॅटरीची पैज

हितेश म्हात्रेनं आयफोन घेतला तेव्हापासून तो फोनवर कमी आणि फोनबद्दल जास्त बोलायला लागला. नागोठण्याच्या एका कंपनीत तो शिफ्ट सुपरवायझर होता. कुणाकडं गेला की बसायच्या आधी फोन समोर उपडा ठेवायचा, पाठीवरचं सफरचंद वर येईल असा. कुणी विचारलं नाही तर थोडा वेळ वाट बघून स्वतःच विषय काढायचा.

त्याला पुरून उरणारा एकच माणूस होता, मिथुन. शाळेपासूनचा दोस्त. पेणमध्ये त्याचं टाइल्सचं दुकान होतं आणि अँड्रॉइडचा त्याला इतका अभिमान होता, की ते त्याच्या आजोबांनी मिठागरावर बसून तयार केलं असावं असं ऐकणाऱ्याला वाटावं. दर रविवारी तो धरमतर खाडीकाठच्या हितेशच्या गावी यायचा आणि दोघं ओटीवर बसून तेच भांडण पहिल्यापासून भांडायचे.

"तुझा फोन म्हणजे सासुरवाशीण," मिथुन म्हणायचा. "कंपनी सांगेल तेवढंच करणार. स्वतःचं डोकं नाय."

"आणि तुझा म्हणजे एसटी स्टँड. कोण पण येतो, जाहिरात चिकटवून जातो."

"संध्याकाळी चार्जर शोधत फिरतं ते कोण?"

"मीच. कारण माझा फोन काम करतो. तुझा नुसता जागा राहतो."

चहाचे कप घेऊन आलेली नमिता हे ऐकत उभी असायची. ती हितेशची बायको. नर्सिंगचा कोर्स केलेली, लग्नाआधी पेणच्या एका दवाखान्यात काम केलेली. सासुरवाशिणीच्या विनोदावर दोघं हसले की ती कप खाली ठेवून आत जायची. सुरुवातीला तिला राग यायचा. मग नुसता कंटाळा यायला लागला. दोन धडधाकट बाप्ये, एकाच्या हाताखाली अख्खी शिफ्ट, दुसऱ्याच्या दारात मालाचे ट्रक उतरतात. आणि ज्या वस्तूवरून एवढी हमरीतुमरी, तिच्यावर दोघं करायचे काय, तर क्रिकेटच्या क्लिप बघायचे आणि सकाळी सकाळी एकमेकांना देवाचे फोटो पाठवायचे. देवाचे फोटो दोन्ही फोनवर सारखेच दिसायचे.

नमिताकडं हितेशनं टाकून दिलेला जुना फोन होता, काचेला आडवा तडा गेलेला. पावसाळ्यात तिनं आरोग्य सेविकांच्या भरतीचा अर्ज भरला, तेव्हा मोबाइल नंबरच्या जागी आल्यावर हितेशनं फोन तिच्या हातून काढून घेतला होता.

"माझा नंबर टाकतो. तुझा डबा कधी बंद पडेल नेम नाय."

तिनं टाकू दिला. बँकेत त्याचाच नंबर होता, आधारला त्याचाच, गॅसला त्याचाच. त्यात आणखी एका ठिकाणची भर. परीक्षा झाली, पेपर बरा गेला, आणि मग घरात त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी त्यांच्या ग्रुपमधल्या नितेशचा रोह्याला साखरपुडा होता. मिथुन सकाळीच गाडी घेऊन आला. ओटीवर पुतळी, म्हणजे नमिताची सासू, वालाच्या शेंगा निवडत बसली होती, कारण संध्याकाळी परतल्यावर शेतात पोपटी लावायचा, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा, पोरांचा बेत होता. निघता निघता बॅटरीवरून जुंपली. दर वेळी जुंपायची, पण या वेळी पैज लागली.

दोन्ही फोन शंभर टक्के चार्ज करून निघायचं. पॉवर बँक नाही, गाडीत चार्जिंग नाही. ज्याचा फोन आधी बंद पडेल त्यानं महिनाभर स्वतःच्या फोटोखाली 'माझा फोन भंगार आहे' असं स्टेटस ठेवायचं.

"आणि नेहमीसारखा वापरायचा," मिथुन म्हणाला. "चोरी नाय."

"चोरी तुमच्यात चालते. आमच्यात सिस्टीम असते," हितेश म्हणाला.

पुतळीनं एकदा दोघांकडं बघितलं आणि पुन्हा शेंगांमध्ये हात घातला. निघताना दोघांनी एकमेकांच्या फोनचा फोटो काढला, शंभर टक्के दिसतील असा. पुरावा म्हणून. मग हॉर्न वाजवत गेले.

दुपारी जेवणं आटोपल्यावर सुरभीचा फोन आला. ती नमिताची कोर्समधली मैत्रीण, अलिबागला राहायची, तिनंही अर्ज भरलेला.

"काय, निवडलंस का केंद्र?" तिनं विचारलं.

"कसलं केंद्र?"

"अगं, यादी लागली ना काल. तुझं नाव माझ्या वर हाय. मेसेज नाय आला तुला?"

 सुरभी भराभर सांगत होती. साइटवर जाऊन नेमणुकीचं आरोग्य केंद्र निवडायचं, आज पाचपर्यंतच. जो आधी निवडेल त्याला ते केंद्र. नाही निवडलं तर नाव खाली जातं. पेणच्या खाडीपट्ट्यातलं एक केंद्र अजून रिकामं दिसतंय, नमिताच्या गावापासून रिक्षानं जाण्यासारखं.

"आत्ता कर. मी ठेवते," सुरभी म्हणाली.

नमितानं तडा गेलेल्या काचेवर साइट उघडली. नाव टाकलं, जन्मतारीख टाकली. 'आपल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे' असं आलं, आणि खाली हितेशच्या नंबरचे शेवटचे आकडे.

तिनं हितेशला फोन लावला. फोन लागत नाही, असं रेकॉर्डवरची बाई म्हणाली. नागोठण्याच्या पुढं कुठं रेंज नसेल असं समजून थोडं थांबून पुन्हा लावला. तीच बाई तेच बोलली. गाडीला काही झालं की काय, असं तिच्या मनात आलं. तिनं मिथुनला लावला. त्यानं उचलला.

"वहिनी, पोचलो आम्ही, सगळं मजेत हाय. पैज चालू हाय ना, बोलण्यात बॅटरी जाते. नंतर करतो."

"अहो भाऊजी, ह्यांना जरा—"

त्यानं फोन ठेवून दिला होता. तिनं पुन्हा लावला, तर त्यानं पहिल्याच घंटेला कापला. तिनं मेसेज टाकला. त्याला एकच टिक आली आणि ती तशीच राहिली. म्हणजे यानं नेटही बंद करून ठेवलं होतं. फोन नेहमीसारखा वापरायचा, असं सकाळी हाच म्हणाला होता.

पुतळी दारात येऊन उभी राहिली. "काय झाला गो?"

"आई, माझं सिलेक्शन झालंय. आज पाचच्या आत केंद्र निवडायचंय. त्याचा नंबर ह्यांच्या फोनवर येतो आणि ह्यांचा फोन लागत नाय."

"मंग मिथुनला लाव."

"लावला. त्यांनी कापला. बॅटरी वाचवतायत."

पुतळीला हे समजायला जरा वेळ लागला. अर्धं आयुष्य तिनं मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या होत्या, आणि वाचवून ठेवायच्या वस्तू तिला माहीत होत्या. "बोलायचा नाय तर फोन घेतला कशाला?" ती म्हणाली. मग आत जाऊन तिनं नमिताची पर्स आणून तिच्या हातात दिली. "तू जा रोह्याला. घरचा मी बघते."

नमितानं साडी बदलली नाही. वडखळ नाक्यापर्यंत रिक्षा मिळाली, तिथं पेणहून आलेली रोहा गाडी मिळाली, बसायला जागा मिळाली नाही. हायवे नेहमीसारखा एका बाजूनं खोदलेला. गाडी ट्रेलरच्या मागं मागं चालत होती. वरच्या दांड्याला धरून ती दुसऱ्या हातानं सारखा फोन लावत होती. हितेशचा फोन एव्हाना संपून बंद पडला असणार, म्हणजे पैज हरला असणार, असं तिच्या मनात आलं. क्षणभर तिला बरं वाटलं, आणि आपल्याला त्यात बरं वाटावं याचीच तिला शरम वाटली. आपणही त्यांच्या खेळात धरले गेलो की.

नागोठण्याला गाडी अंबा नदीच्या पुलाजवळ थांबली असताना सुरभीचा मेसेज आला. 'पेणचं गेलं गं. आता म्हसळ्याकडचं एक आणि पोलादपूरचं एक.'

ती मेसेज वाचत राहिली. म्हसळा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. सकाळी निघून संध्याकाळी घरी येण्याचं ते ठिकाण नव्हे. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, "बरं नाय का वाटत?" नमितानं मान हलवली. तिला बरंच वाटत होतं, एका अर्थी. दुपारपासून डोक्यात जी धावपळ चालली होती ती थांबली होती आणि डोकं गार झालं होतं. आता फक्त जायचं होतं, फोन घ्यायचा होता.

रोहा स्टँडवर उतरून तिनं रिक्षा केली. हॉलमध्ये साखरपुडा उरकला होता, पंगती चालू होत्या, स्पीकरवर गाणी लागली होती. नितेश आणि त्याची होणारी बायको खुर्च्यांवर बसून फोटो काढून घेत होते. नमितानं नवरा शोधला. तो मागच्या बाजूला होता. प्लास्टिकच्या एका टेबलावर दोन्ही फोन शेजारी शेजारी मांडून ठेवले होते, आणि हितेश, मिथुन आणि ग्रुपमधले आणखी दोघंतिघं त्याभोवती बसले होते, दवाखान्यात पेशंटजवळ बसतात तसे. समोर जेवणाच्या रिकाम्या पत्रावळी.

"अजून एक्क्याऐंशी," हितेश म्हणत होता. "बघ, डोळे उघडून बघ."

मिथुनचा चेहरा पडला होता. त्याचं बरंच खाली गेलं होतं.

हितेशनं बायकोला बघितलं आणि उठला. "तू इथं? आईला काय झालं?"

"काय नाय. फोन द्या."

"कशाला?"

"माझं सिलेक्शन झालंय. ओटीपी पाहिजे. पाचच्या आत."

"हां, मग दोन मिनिटं थांब ना. आता हात लावला तर हे म्हणतील—"

नमितानं टेबलावरचा फोन उचलला. तो लॉक होता. तिनं हात लांब करून तो हितेशच्या तोंडासमोर धरला. हितेश काही बोलायला तोंड उघडत होता. फोननं त्याला तसाच ओळखला आणि उघडला. बाकीचे बघत राहिले. पडद्यावरच्या कोपऱ्यात एक छोटंसं विमान होतं. तिनं त्यावर बोट ठेवून ते बंद केलं.

मिथुननं ते बघितलं. "थांब," तो म्हणाला. "फ्लाइट मोड? सकाळपासून?"

"सकाळपासून नाय," हितेश म्हणाला. "वडखळपासून."

मग दोघांचं सुरू झालं. मिथुन चोर म्हणाला, हितेशनं त्याच्या बॅटरी सेव्हरचं काढलं, मिथुन म्हणाला की सेव्हर हा फोनचाच गुण आहे, तर हितेश म्हणाला की विमानाचं बटणही कंपनीनंच दिलंय, मी काय बाहेरून आणलं नाही. नमिता एका भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली. हितेशच्या फोनवर एकामागून एक मेसेज येऊन पडत होते. तिचे मिस्ड कॉल, दुपारचे वाया गेलेले ओटीपी. आणि त्यांच्या वर सरकत गेल्यावर आदल्या संध्याकाळचा एक. निवड झाल्याबद्दल अभिनंदन, केंद्र निवडण्याची मुदत अमुक. तो उघडून वाचलेला होता.

तिनं तो मेसेज हितेशला दाखवला. "हा काल आला होता."

हितेशनं वाकून बघितला. "हो, आला होता. सांगायचं राहिलं. काल मॅच होती ना."

 तिनं तडा गेलेला फोन काढला, नवा ओटीपी मागवला, तो दुसऱ्या हातातल्या फोनवर आला, तिनं तो टाकला. पान उघडायला वेळ घेत होतं. भांडण तिच्या डोक्यावरून चाललं होतं, आता एकमेकांच्या लग्नाआधीच्या उधाऱ्या निघाल्या होत्या. पान उघडलं. पोलादपूरचं गेलं होतं. म्हसळ्याकडचं होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं. 'खात्री आहे का' असं विचारलं गेलं. तिनं हो केलं. तिचं नाव आणि केंद्राचं नाव एका ओळीत आलं.

हितेशचा फोन तिनं टेबलावर ठेवून दिला, होता तिथंच.

"वहिनी, तुम्ही सांगा," मिथुन म्हणाला. तो घामाघूम झाला होता. "तुम्ही स्वतः बघितलंत. कोण हरला?"

नमितानं त्याच्याकडं नीट बघितलं. दुपारी यानं आपला फोन कापला हे त्याच्या लक्षातही नव्हतं.

"फोन दोन्ही चांगलेच हायत, भाऊजी," ती म्हणाली.

मिथुन हसला, मग थांबला, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो पाण्याचा ग्लास शोधायला लागला.

ती पुढं गेली. नितेशच्या होणाऱ्या बायकोला, प्रतीक्षाला, तिनं हळदकुंकू लावलं. मुलीच्या आईनं तिला हात धरून पंगतीत बसवलं, कुठून आलीस विचारलं. नमितानं सांगितलं की आज तिला नोकरी लागली. त्या अनोळखी बायकांनी तिच्या पानात आणखी एक जिलेबी वाढली. दिवसभरात तिचं अभिनंदन करणाऱ्या त्याच पहिल्या.

परत येताना गाडीत मिथुन मुकाट गाडी चालवत होता. हितेश पुढं बसला होता, मान मागं वळवून बोलत होता.

"मेसेज टाकायचा ना मला."

नमिता खिडकीतून बाहेर बघत होती.

"आणि सगळ्यांसमोर तोंडासमोर फोन धरलास. कसं दिसलं ते?"

"बरोबर दिसलं. फोननं ओळखलं ना तुम्हाला."

मिथुनच्या तोंडून हसू फुटलं. हितेशनं त्याच्याकडं बघितलं. थोड्या वेळानं हितेशनं विचारलं, "केंद्र कुठलं मिळालं?"

"म्हसळ्याकडचं."

"म्हसळा? एवढ्या लांब? जवळचं नव्हतं?"

"होतं. तुम्ही विमानात होतात तेव्हा गेलं."

हितेश वळून समोर रस्त्याकडं बघायला लागला. वडखळ आल्यावर म्हणाला, "मग नको जाऊ. पुढच्या भरतीला बघू. मी आहे ना कमावता."

हे वाक्य त्यानं आधीही बरेचदा म्हटलं होतं आणि दर वेळी ते ऐकून ती विचारात पडायची. या वेळी तिला फक्त त्याचं डोकं दिसलं, पुढच्या सीटच्या वर आलेलं, नीट भांग पाडलेलं. "मी जाणार," ती म्हणाली.

रुजू होण्याआधी तिनं पेणला जाऊन स्वतःच्या नावावर नवं सिमकार्ड घेतलं. बँकेत नंबर बदलला, आधारला बदलला. हितेश बरोबर आला होता. एवढ्याशा गोष्टीवरून कशाला, असं दोनदा म्हणाला आणि मग बाहेर उभा राहून क्लिप बघत बसला. घरी पुतळीनं पिशव्या भरल्या. सोललेले वाल, पापड, तांदळाचं पीठ, सुकट. "तिकडं मिलतंय सगला," नमिता म्हणाली, सासूच्याच बोलीत. "मिलूदे," पुतळी म्हणाली आणि आणखी एक पुडी कोंबली.

केंद्र एका चढावर होतं. दोन खोल्या, मागं तिला राहायला एक. पहिले काही आठवडे तिला रात्री झोप येत नव्हती आणि आजूबाजूच्या वाड्यांवरच्या बायका तिला बाई म्हणून हाक मारायच्या तेव्हा ती मागं वळून बघायची. पण काम तिला येत होतं. हात विसरले नव्हते.

हितेश आणि मिथुन महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. स्टेटस कुणीच ठेवलं नाही. ग्रुपमध्ये दोघांनी आपापली बाजू लांबलचक लिहून टाकली, त्यात नमिताचं नाव कुठंच नव्हतं. 'मध्येच घरून कुणीतरी आलं' एवढंच होतं. मग मिथुननं नवं मॉडेल घेतलं आणि ते दाखवायला हितेशशिवाय दुसरं कोण होतं. दोघं पुन्हा ओटीवर बसायला लागले. पुतळी त्यांना चहा करत नाही. पोरं आली की ती आत जाऊन आडवी होते, आणि हाक मारली तर झोपली असल्यासारखी पडून राहते.

फेब्रुवारीअखेर एका रविवारी हितेश म्हसळ्याला आला. दोन गाड्या बदलून, धुळीनं माखून. नमिताकडं एक बाई आदल्या रात्रीपासून बाळंतपणासाठी येऊन राहिली होती, त्यामुळं तिला त्याच्याशी बोलायला वेळ नव्हता. तो बाहेरच्या बाकावर बसला. दुपारी तिनं त्याला जेवायला वाढलं.

"बदलीचा अर्ज कधी करता येतो?" त्यानं विचारलं.

"लवकर नाय येत."

"तरी पण. कधीतरी करशील ना?"

"भाकरी घ्या आणखी."

त्यानं घेतली. तो जरा ओशाळला होता. त्याला एक गोष्ट विचारायची होती, ती त्यानं खाली बघत विचारली. "अजून राग हाय काय तुला?"

नमितानं खरोखर विचार केला. आपल्याला राग आहे का, ते तिनं आत शोधून बघितलं. समोर एक माणूस जेवत होता, त्याच्या शर्टाची कॉलर मळली होती, त्याला घरी जायला उशीर होणार होता. बाकी तिला काही सापडलं नाही.

"नाय," ती म्हणाली.

हितेशचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "तू मनात ठेवणारी नाहीस." आणि तो आनंदानं जेवायला लागला, मिथुनच्या नव्या फोनचं सांगायला लागला, तो गरम कसा होतो ते.

आतून त्या बाईनं हाक मारली. नमिता हात धुऊन उठली.

"ताट तिथं मोरीत ठेवा," ती जाता जाता म्हणाली. "शेवटची गाडी साडेपाचला हाय."